पहिला लीग सामना : तयारी नक्की कशाची करायची?

बेलापूरची_जुई

नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या गावाच्या सार्वजनिक कोर्टांवर मी गेल्या उन्हाळ्यापासून टेनिस शिकते आहे. शाळा-कॉलेजात बॅडमिंटन पुष्कळ खेळले होते. टेनिसची रॅकेट मात्र चाळिशीच्या उंबरठ्यावर प्रथमच हातात घेतली. शिकवणीतील एका मैत्रिणीने यूएसटीएच्या (अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या) प्रौढांच्या लीगमध्ये, महिलांच्या २.५ पातळीच्या, म्हणजे नवशिक्यांच्या संघात माझे नाव घातले आणि येत्या शनिवारी आमचा पहिला सामना आहे. कर्णधारबाईंनी मला दुहेरीत खेळवायचे ठरवले आहे.

प्रशिक्षकासमोर माझा फोरहँड बरा बसतो, बॅकहँड निदान जाळ्यापलीकडे जातो, सर्व्हिस मात्र लहरी आहे. परंतु गुण मोजून, अनोळखी व्यक्तींविरुद्ध आणि निकालाची कुठेतरी कायमची नोंद होणार आहे अशा परिस्थितीत मी कधीच खेळलेले नाही. या सामन्यांना पंच नसतो, हेही मला परवाच कळले. उरलेल्या दिवसांत कशावर भर द्यावा आणि तिथे गेल्यावर नेमके काय घडते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. ‘मजा कर’ हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

हार्डकोर्ट

जुईताई, अभिनंदन. मी ३.० आणि ३.५ च्या पुरुष संघांतून बरीच वर्षे खेळतो आहे आणि मधल्या काळात कर्णधारपदही सांभाळले आहे. नवे खेळाडू पहिल्या सामन्यात फटक्यांवर फारसे अडखळत नाहीत. ते अडखळतात सामना चालवण्यात. शिकवणीत चेंडू प्रशिक्षक देतो, आत-बाहेर तोच ठरवतो आणि गुण बहुधा कोणी मोजतच नाही. लीगमध्ये हे सारे एकदम तुमच्या अंगावर येते, आणि त्या ओझ्याखाली येत असलेला फोरहँडही बिघडतो.

सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा असतो, आणि तो स्वतःचा आकडा आधी ठेवून. हे राहून गेले की चार-पाच गुणांनंतर ‘थर्टी-फिफ्टीन की फिफ्टीन-थर्टी’ असा घोळ सुरू होतो. तसा तो झालाच, तर दोन्ही बाजूंना मान्य असलेले गुण धरायचे आणि फक्त वादातले गुण पुन्हा खेळायचे. तेही जमले नाही, तर दोघांना चालेल असा एखादा स्कोअर धरून पुढे जायचे आणि अगदीच अडले तर नाणेफेक करायची.

रेषांचे म्हणाल, तर तुमच्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निर्णय तुमचा आणि त्यांच्या बाजूचा त्यांचा. चेंडूचा रेषेला निसटता स्पर्श झाला तरी तो आत असतो. चेंडूचा टप्पा आणि रेषा यांच्यामध्ये कोर्टाचा रंग स्पष्ट दिसला तरच ‘आउट’ म्हणायचे, तेही तत्काळ आणि ऐकू जाईल अशा आवाजात; शंका असेल तर तिचा फायदा प्रतिस्पर्ध्याला. कुंपणाबाहेर उभे असलेले पती, मुले किंवा कर्णधार यांपैकी कोणालाही मत विचारता येत नाही. ही सारी आचारसंहिता यूएसटीएच्या नियमपुस्तकात ‘द कोड’ या नावाने छापलेली आहे. ती फार मोठी नाही. शनिवारच्या आत वाचून होईल आणि या आठवड्यात शंभर बॅकहँड मारण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

सामना दोन सेटचा असतो. एक-एक सेट झाला, तर पूर्ण तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो आणि तोही दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. त्यात बाजू पहिल्या गुणानंतर आणि पुढे दर चार गुणांनी बदलतात. दूरचित्रवाणीवर सहा-सहा गुणांनी बदलताना पाहिले असेल, तर इथे गोंधळायला होईल.

वेळेबाबत मात्र आपली भारतीय सवय घरी ठेवून जावे. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर टॉस आणि एक गेम जातो, दहापर्यंत टॉस आणि दोन गेम, पंधरापर्यंत टॉस आणि तीन गेम. त्यापुढे सामनाच प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो. स्थानिक लीगचे नियम याहून निराळे असू शकतात, ते कर्णधारांकडून समजून घ्यावे.

मिरजकर

हार्डकोर्ट यांच्याशी सहमत आहे, पण फटका एक सांगतो : दुसरी सर्व्हिस. या पातळीवर पुष्कळसे गुण डबल फॉल्टने, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्याने जातात आणि ज्या जोडीची दुसरी सर्व्हिस कशीही का होईना चौकोनात पडते, ती जोडी जिंकते. जाळे मध्यभागी तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. म्हणून बिकट वेळी सर्व्हिस मधल्या रेषेच्या दिशेने करावी. चेंडू वर टाकताना वाकडा गेला, तर त्याच्यामागे धावून मारू नये. त्याला खाली पडू द्यावे आणि पुन्हा टाकावा. रॅकेट फिरवली नाही तोवर तो फॉल्ट धरला जात नाही. नवख्यांना हे ठाऊक नसते आणि संकोचापायी ते कसल्याही चेंडूवर रॅकेट घालतात.

ओसरी

जुई, बॅडमिंटनची पार्श्वभूमी हे भांडवल आहे. फक्त ते कुठे खर्चायचे ते ठरवावे लागते. बॅडमिंटनची मूठ सर्व्हिस, व्हॉली आणि स्मॅश या तिन्हींना चालते, त्यामुळे डोक्यावरचा चेंडू मारताना आपल्यासारख्यांचा हात इतर नवशिक्यांपेक्षा मोकळा असतो. अडचण जमिनीवरच्या फटक्यांत येते. मनगटाने झटका देण्याची सवय जाता जात नाही आणि चेंडू आकाशात जातो. शिवाय फूल हवेत मंदावते, तर टेनिसचा चेंडू टप्प्यानंतर उसळून अंगावर येतो. बॅडमिंटनवाले सवयीने त्याच्या फार जवळ जाऊन उभे राहतात आणि मग कोपर अडकते. एक पाऊल मागे आणि थोडे बाजूला, एवढे शनिवारी आठवले तरी पुरे.

थोडे अवांतर : सांगलीचे नंदू नाटेकर कुमारवयात टेनिसच खेळत असत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली परदेशातील बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर मात्र टेनिसमध्ये गेले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्यांनी लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. या दोन खेळांमधली ये-जा आपल्याकडे जुनीच आहे.

तळेगाव_ते_टेक्सस

दुहेरीत या पातळीवर बहुतेक जोड्या एक पुढे आणि एक मागे अशा उभ्या राहतात. तुमची जोडीदार जाळ्यापाशी असेल, तर तुमचे काम चेंडू तिरका, समोरच्या जाळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंपासून दूर ठेवणे, एवढेच आहे. उंच लॉब आला की दोघींपैकी एकीने ‘माझा’ असे ओरडलेच पाहिजे. सभ्यपणे गप्प राहिल्यामुळे दोघींच्या मधोमध पडलेले चेंडू मी शेकड्यांनी पाहिले आहेत.

समोर ज्येष्ठ बाई दिसल्या, तर हुरळून जाऊ नका. ज्यांना जोरात मारता येत नाही, पण ज्यांचा चेंडू कधीच चुकत नाही, असे खेळाडू २.५ आणि ३.० मध्ये सर्वांत अवघड असतात.

अनाहूत

छंदाच्या खेळासाठी नियमपुस्तक वाचायचे, म्हणजे अतीच झाले. जा, खेळा, घरी या.

हार्डकोर्ट

अनाहूत, पंच नसलेल्या खेळात नियम माहीत असलेला खेळाडू नियम माहीत नसलेल्याला सहज दडपतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मनात वाईट काही नसतानाही. वाचण्याचे कारण तेवढेच.

बेलापूरची_जुई

सर्वांचे मनापासून आभार. ‘द कोड’ वाचून काढला. सामन्याआधी सराव करताना प्रतिस्पर्ध्याबरोबरच दहाएक मिनिटे चेंडू खेळायचे असतात हे वाचून आश्चर्य वाटले. ज्यांना हरवायचे, त्यांनाच आधी हात मोकळा करायला मदत करायची!

बेलापूरची_जुई

सामना झाला. आम्ही ४-६, ६-४, ७-१० असा हरलो. सविस्तर लिहिते, कारण शेवटी एक प्रसंग घडला आणि त्यावर मला तुम्हा सर्वांचे मत हवे आहे.

कोर्ट प्रतिस्पर्धी संघाच्या गावातले होते. सिमेंटवर भेगा होत्या, त्यांवरून चेंडू वाटेल तिकडे वळत होता, आणि टेनिसच्या पांढऱ्या रेषांमध्ये पिकलबॉल या लहान कोर्टावरच्या खेळाच्या निळ्या रेषा रंगवलेल्या होत्या. कर्णधारांनी आपापल्या जोड्यांच्या याद्या एकमेकींना दिल्या, यजमान संघाने चेंडूंचा नवा डबा फोडला आणि टॉस झाला. आम्ही टॉस जिंकून रिसीव्ह करणे पसंत केले, म्हणजे माझ्या सर्व्हिसची पाळी शक्य तितकी लांबली. तळेगावकरांनी वर्तवलेल्या ज्येष्ठ बाई समोर हजर होत्याच. पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा आणि रॅकेट केवळ चेंडूच्या वाटेत धरायची अशी पद्धत. त्यांनी पहिल्याच गेममध्ये दुसरी सर्व्हिस खालून केली. माझी जोडीदार माझ्याकडे पाहू लागली; खालून केलेली सर्व्हिस पूर्णपणे वैध असते हे मी वाचले असल्यामुळे आम्ही निमूटपणे पुढे खेळलो.

पहिल्या सेटमध्ये माझे हात जड झाले होते. स्कोअर मोठ्याने सांगण्याचा मात्र मला अनपेक्षित फायदा झाला : आकडा उच्चारायचा म्हटले की श्वास घ्यावाच लागतो, आणि डोके मागच्या गुणातून बाहेर येते. दुसऱ्या सेटमध्ये मिरजकरांचे ऐकून दुसरी सर्व्हिस मधल्या रेषेकडे ठेवली, जोडीदार जाळ्यापाशी धीट झाली आणि आम्ही तो सेट घेतला.

टायब्रेकमध्ये आम्ही ७-८ असे मागे होतो. समोरच्या तरुण बाईंची सर्व्हिस होती आणि मी डाव्या चौकोनात रिसीव्ह करत होते. पहिली सर्व्हिस खोल आली. मी ती परतवली आणि चेंडू त्यांच्या कोर्टात पडला. तेवढ्यात सर्व्हिस लाइनपाशी, म्हणजे सर्व्हिसच्या चौकोनाच्या मागच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या माझ्या जोडीदाराने ‘आउट’ म्हटले. मला सर्व्हिसचा चेंडू त्या रेषेच्या मागच्या कडेवर पडून खाली घसरलेला स्पष्ट दिसला होता. पिकलबॉलची मागची निळी रेषा तिथे टेनिसच्या सर्व्हिस लाइनच्या जेमतेम एक फूट मागे आहे आणि चेंडू त्या पट्ट्यात पडला, असे जोडीदाराचे म्हणणे. मी तिथल्या तिथे मोठ्याने म्हणाले, ‘नाही, आत होता.’ गुण त्यांना मिळाला, ७-९ झाले, आणि पुढचाच गुण गमावून आम्ही सामना हरलो. हस्तांदोलन झाले, समोरच्यांनी माझे कौतुकही केले, पण परतीच्या वाटेवर गाडीत जोडीदार एक अक्षर बोलली नाही. तिचे म्हणणे असे की, सर्व्हिस लाइन बघणे हे तिचे काम होते आणि मी तिला चारचौघांत खोटे पाडले. तुम्हाला काय वाटते?

तळेगाव_ते_टेक्सस

हरलात तरी लढत चांगली दिलीत. परंतु तो गुण थेट त्यांना का दिला? तुमचा रिटर्न कोर्टात पडला होता. ‘आउट’च्या पुकाऱ्यामुळे खेळ थांबला. अशा वेळी गुण पुन्हा खेळवायला हवा होता, असे मला वाटते.

हार्डकोर्ट

नाही. दूरचित्रवाणी पाहून आपला हा समज झालेला असतो. पंच असलेल्या सामन्यात रेषापंचाने ‘आउट’ म्हटले आणि मुख्य पंचाने तो निर्णय फिरवला, तर गुण बहुधा पुन्हा खेळवतात, कारण चूक तिऱ्हाइताची असते आणि तिची शिक्षा कोणत्याच खेळाडूला द्यायची नसते. लीगमध्ये पुकारा करणारी बाजू स्वतःच खेळाडू आहे. तिने चेंडू बाहेर सांगितला आणि मग तो आत होता असे मान्य केले, तर गुण तिचा जातो. असे नसते तर अडचणीच्या प्रत्येक चेंडूवर आधी ‘आउट’ म्हणायचे आणि मग उदारपणे गुण पुन्हा खेळवायचा, ही सोय झाली असती.

मुख्य प्रश्नावर ‘द कोड’ अगदी स्पष्ट आहे : दोन जोडीदारांचे मत वेगळे पडले, तर चेंडू आत धरायचा. प्रतिस्पर्ध्याला शंकेचा फायदा देणे हे जोडीदाराचे मन राखण्यापेक्षा महत्त्वाचे मानले आहे. म्हणजे गुण द्यायलाच हवा होता आणि तो तुम्ही दिलात. पण त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे, ती वाचताना बहुधा नजरेतून सुटली असावी. जोडीदाराला हलक्या आवाजात सांगावे, आणि गुण सोडत असल्याचे तिला स्वतःला जाहीर करू द्यावे. प्रतिस्पर्ध्यांच्या दृष्टीने निकाल तोच लागतो. फरक पडतो तो गाडीतल्या परतीच्या प्रवासात.

मिरजकर

मला यात एक अडचण दिसते. सर्व्हिस लाइन जोडीदाराने बघायची असते, कारण ती त्या रेषेच्या सरळ रोखाने पाहत असते. रिसीव्ह करणारी व्यक्ती बेसलाइनपाशी, म्हणजे रेषेच्या बरीच मागे असते आणि तिला रेषा आडवी दिसते. शिवाय तिचे लक्ष चेंडू मारण्याकडे असते. रेषेच्या रोखाने पाहणाऱ्याची नजर अधिक भरवशाची, हेही त्याच संहितेत म्हटलेले आहे. मग जुईताईंचे ‘स्पष्ट दिसले’ हे कितपत स्पष्ट होते? मी त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेत नाही. पण सच्चेपणाच्या भरात, कमी भरवशाच्या जागेवरून पाहून अधिक भरवशाच्या जागेवरचा निर्णय मोडला गेला असेल, अशी शक्यता राहतेच.

हार्डकोर्ट

मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच दोन प्रकार वेगळे करायला हवेत. रिसीव्ह करणाऱ्याला नीट दिसले नसेल, तर त्याने गप्प राहावे. जोडीदाराचा निर्णय उभा राहतो. त्याला नक्की दिसले असेल, तर मात्र जागा कोणाची चांगली होती हा प्रश्न उरत नाही, कारण दोन खात्रीच्या मतांत फरक पडला हीच शंका, आणि शंकेचा फायदा कोणाला जातो ते ठरलेले आहे. आडव्या नजरेची अडचण सावधगिरी शिकवते ती ‘आउट’ म्हणताना. ‘आत’ म्हणायला ती आड येत नाही.

ओसरी

पुण्यात आम्ही क्लबात खेळताना अशा चेंडूवर ‘चला, पुन्हा खेळू’ म्हणून मोकळे होत असू आणि त्यातच खिलाडूपणा आहे अशी आमची समजूत होती. इथल्या संहितेनुसार तसे करता येत नाही : नीट दिसले नाही म्हणून गुण पुन्हा खेळा, असे म्हणण्याचा अधिकारच खेळाडूला नाही. दिसले नाही, म्हणजे चेंडू आत. सुरुवातीला मला हे कठोर वाटे. आता हीच रीत अधिक सुटसुटीत वाटते, कारण पुन्हा खेळण्याची तडजोडही नकळत पुकारा करणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

विम्बल्डनने २०२५ पासून रेषापंच काढून टाकले आणि सारे निर्णय यंत्राकडे सोपवले. तिथे आता जोडीदारांत या कारणाने अबोला होणार नाही. आपल्या गावच्या कोर्टांवर मात्र निळ्या आणि पांढऱ्या रेषा अशाच एकमेकींत गुंतलेल्या राहणार, तेव्हा खेळण्यापूर्वी जोडीदाराबरोबर कोर्टावर एक फेरी मारून आपल्या रेषा कोणत्या हे पाहून ठेवावे. हसू येईल, पण उपयोग होतो.

अनाहूत

माझे मत थोडे बदलले आहे. नियमपुस्तक वाचले नसते, तर ‘आउट’ कायम राहून ८-८ झाले असते का?

मिरजकर

नाही. ती पहिली सर्व्हिस होती. ‘आउट’ कायम राहिले असते तर फक्त फॉल्ट धरला गेला असता आणि दुसरी सर्व्हिस आली असती; जुईताईंच्या रिटर्नला तेव्हाही काही किंमत नव्हती. ज्या गुणावरून एवढे रामायण झाले, तो अजून सुरूच व्हायचा होता.

बेलापूरची_जुई

मिरजकर, ही गोष्ट आम्हा दोघींच्याही लक्षात आली नव्हती. तुमचा प्रतिसाद जोडीदाराला फोनवर वाचून दाखवला, तेव्हा प्रथमच ती हसली. तिला हलक्या आवाजात सांगण्याची सूचनाही वाचून दाखवली. ‘तसे केले असतेस तर मीच दिला असता गुण,’ असे ती म्हणाली आणि ते मला पटते. माझा निर्णय बरोबर होता, असे मी अजूनही मानते.

पुढच्या सामन्यात कर्णधारबाई आम्हा दोघींनाच एकत्र खेळवणार आहेत. सर्व्हिस लाइन तिची. मधली आणि बाजूची रेषा रिसीव्ह करणारीची. मतभेद झाला तर आधी एकमेकींकडे पाहायचे, मग बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे. एक शेवटचा प्रश्न : हा पराभव माझ्या रेटिंगला कितपत भोवेल?

हार्डकोर्ट

एनटीआरपीचे, म्हणजे २.५, ३.० अशा पातळ्या ठरवणाऱ्या या रेटिंगचे नेमके गणित यूएसटीए जाहीर करत नाही, पण ते केवळ हार-जीत पाहत नाही; चौघींच्या पातळीवरून जी अपेक्षा असेल, तिच्या तुलनेत तुम्ही किती गेम घेतलेत हे पाहते. तुमच्यापेक्षा वरचढ जोडीविरुद्ध एक सेट घेऊन हरणे हे रेटिंगला मारक ठरेलच असे नाही. वर्षअखेरीचे रेटिंग साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला येते; तोवर रोज तपासू नका. आणि निकाल नोंदवला गेला का, सेटचे आकडे उलटे तर पडले नाहीत ना, हे मात्र आजच संकेतस्थळावर पाहून घ्या. कर्णधारांकडून ती गडबड होते.